अपील केलं की शिक्षा वाढते?

‘शिक्षा जास्त वाटतेय? गप भोगून टाक. वर गेलास तर दुप्पट होईल.’ हा सल्ला कोर्टाच्या आवारात वर्षानुवर्षं फुकट वाटला जातो, आणि त्यापायी लोक मुदत घालवून बसतात.

कायदा नेमका उलट आहे. दोषी ठरलेल्याने केलेल्या अपिलात कोर्ट शिक्षा कायम ठेवू शकतं, कमी करू शकतं, तिचं स्वरूप बदलू शकतं. वाढवू मात्र शकत नाही. हे आधी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३८६ मध्ये होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम ४२७ आहे.

मग अफवा आली कुठून? शिक्षा अपुरी आहे म्हणून सरकार स्वतंत्र अपील करू शकतं (कलम ४१८). पण ते तुम्ही गप्प बसलात तरी होऊ शकतं. शिवाय त्यात आरोपीचं म्हणणं ऐकावंच लागतं आणि तो तिथेच निर्दोष सुटका किंवा शिक्षेत कपातही मागू शकतो.

गुन्हा कबूल केला असेल तरी, शिक्षा उच्च न्यायालयाने दिलेली नसेल तर, ती किती आणि कायदेशीर आहे का, एवढ्यापुरतं अपील करता येतं. मुदत सत्र न्यायालयात ३० दिवस, उच्च न्यायालयात ६०.