डाऊन सिंड्रोम आणि मेंदूतलं अमायलॉइड

डाऊन सिंड्रोम असलेल्यांच्या मेंदूत वय वाढेल तसं बीटा अमायलॉइड नावाचं प्रोटीन पेशींच्या मधल्या जागेत साचत जातं, त्याचे थर म्हणजे प्लाक, आणि अल्झायमरच्या पेशंटमध्ये सापडतात ते हेच. कारण 21व्या क्रोमोसोममध्ये आहे, डाऊन सिंड्रोममध्ये सहसा या क्रोमोसोमची एक कॉपी जास्त असते. एपीपी नावाच्या मोठ्या प्रोटीनचे तुकडे पडून अमायलॉइड बनतं आणि एपीपीचा जीन नेमका याच क्रोमोसोमवर बसलाय, बाकीच्यांकडे त्याच्या दोन कॉपी, यांच्याकडे तीन, त्यामुळे कच्चा माल जन्मापासूनच जास्त.

1984 मध्ये ग्लेनर आणि वाँग या संशोधकांनी अल्झायमर आणि डाऊन सिंड्रोम या दोन्हींतल्या मेंदूच्या रक्तवाहिन्यांमधून हे प्रोटीन वेगळं काढलं तेव्हाच 21व्या क्रोमोसोमवर संशय गेला, 1987 मध्ये जीन तिथेच सापडला. सगळ्यात बोलका पुरावा 1998 चा. 78 वर्षांच्या एका बाईंना डाऊन सिंड्रोम होता, पण 21व्या क्रोमोसोमचा फक्त काही भागच जास्तीचा होता आणि एपीपीचा जीन त्या भागात येत नव्हता, त्यांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, झाला नाही आणि मृत्यूनंतर मेंदू तपासला तर त्यातही अल्झायमर नव्हता.

काहींच्या मेंदूत विरळ प्लाक बाराव्या-तेराव्या वर्षीच दिसलेत, चाळिशीपर्यंत जवळपास सगळ्यांकडे असतात. पण प्लाक म्हणजे लगेच डिमेन्शिया नव्हे, लक्षणं साधारण पन्नाशीनंतर येतात, मधल्या काळात पेशींच्या आत टाऊ प्रोटीनचे गुंते वाढत असतात.

अल्झायमरच्या संशोधनावर या माणसांचे एवढे उपकार, तरी अमायलॉइड काढणाऱ्या लेकॅनेमॅबसारख्या औषधांच्या मोठ्या ट्रायल्समध्ये त्यांना घेतलंच नव्हतं, हे मला अन्यायाचं वाटतं. यांच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीतही अमायलॉइड जास्त असतं, या औषधांनी मेंदूत सूज किंवा रक्तस्राव व्हायची भीती असते, म्हणूनच तर वेगळी, जपून केलेली ट्रायल हवी.

घरात सुरुवात बऱ्याचदा विसरण्यापासून होत नाही. शर्टाची बटणं स्वतः लावणारा दादा मध्येच थांबतो, हट्टी किंवा गप्प होतो, कधी आयुष्यात पहिल्यांदाच फिट येते. "त्याचं असंच असतं" म्हणून सोडून देऊ नका, पण थेट अल्झायमरही धरून चालू नका, थायरॉइड, मोतीबिंदू, कमी ऐकू येणं, झोपेत श्वास अडकणं, डिप्रेशन हे सगळं यांच्यात कॉमन आहे आणि त्यावर इलाज होतो. तिशी-पस्तिशीतच त्याला काय काय जमतं ते लिहून, व्हिडिओ काढून ठेवलं तर डॉक्टरांना पुढे तुलना त्याच्याशीच करता येते, इतरांशी नाही.