गाठ तिची, तशी तीही गाठीची

परवा एका साखरपुड्यात पंगतीत ऐकलं, "गाठीला सुई टोचू देऊ नकोस गं, टोचली की भडकते." सांगणाऱ्या काकू शिकलेल्या, मनापासून काळजी करणाऱ्या. याच भीतीने त्यांच्या वहिनींनी स्तनातल्या गाठीची बायोप्सी, म्हणजे सुईने तिचा नमुना काढून तपासणं, सहा महिने लांबवली होती. सुईने कॅन्सर भडकत नाही. भडकायला वेळ मिळतो तो त्या सहा महिन्यांत.

पण काकूंच्या भीतीमागचा प्रश्न खरा आहे. एकीची गाठ काढली आणि ती वीस वर्षं ठणठणीत. दुसरीची गाठ तेवढीच, उपचार तेच, आणि पाच वर्षांत फुप्फुसात डाग. असं का?

आनुवंशिकता म्हटलं की बीआरसीए१ आणि २ आठवतात. ही जनुकं बिघडली तर स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता खूप वाढते. पण झाल्यावर काय? चाळिशीपर्यंत निदान झालेल्या २,७३३ ब्रिटिश स्त्रियांचा अभ्यास २०१८ मध्ये आला. बिघाड असलेल्या आणि नसलेल्या स्त्रियांच्या जगण्यात एकूण फरक दिसला नाही. म्हणजे 'होणार का' आणि 'पसरणार का' हे प्रश्न वेगळे, त्यांची जनुकंही वेगळी असू शकतात.

यावरचा माझा लाडका प्रयोग उंदरांचा. अमेरिकेत केंट हंटर आणि सहकाऱ्यांनी तो १९९८ मध्ये प्रसिद्ध केला. नर एकाच वाणाचे, एका विषाणूचं कॅन्सर घडवणारं जनुक अंगात बसवलेले. माद्या मात्र २७ निरनिराळ्या वाणांच्या. लेकींना बापाकडून तेच जनुक आलं आणि स्तनांत गाठी झाल्या. मग फुप्फुसांचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून पसरलेल्या गाठी मोजल्या. काही आयांच्या लेकींत त्या कित्येक पटींनी कमी! गाठ पेटवणारी काडी एकच होती. फरक आईकडून आलेल्या बाकीच्या जनुकांचा.

माणसांत असं जनुक कोणतं? २०२४ च्या अखेरीस न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या सोहेल तवाझोई यांच्या गटाने एक नाव पुढे केलं : पीसीएसके९. कोलेस्टेरॉलवाल्या डॉक्टरांच्या हे जुन्या ओळखीचं. पेशीच्या पृष्ठभागावर एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, ओढून घेणारे ग्राही असतात. रहाटाच्या पोहऱ्यासारखे ते माल आत रिकामा करतात आणि पुन्हा वर येतात. या जनुकावरून मुख्यतः यकृतात बनणारं त्याच नावाचं प्रथिन त्यांना चिकटलं की पोहरा वर येतच नाही, पेशीच्या भंगारात जातो.

कॅन्सरच्या पेशीवरच्या एलआरपी१ या ग्राहीचाही ते असाच निकाल लावतं. एलआरपी१ एरवी फैलावाला हातभार लावणाऱ्या एक्सएएफ१ आणि यूएसपी१८ या जनुकांना दाबून ठेवतो. तो गेला की दोघं मोकाट. आणि हे पीसीएसके९ गाठीने बनवलेलं असावं लागत नाही, ते बाईच्या स्वतःच्या शरीराचं असतं. नुसत्या गाठीकडे पाहून ही बाजू कळायची नाही.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी; या साखळीत ४७४ व्या जागी कोणतं अमिनो आम्ल आहे, यावरून त्याची दोन रूपं पडतात. त्यातलं एक अधिक जोरकस. स्वीडनमधल्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांपैकी ज्यांना ते आई-वडील दोघांकडून आलं, त्यांच्यात १५ वर्षांत कॅन्सर दूरच्या अवयवांत जाण्याचा धोका २२ टक्के होता. बाकीच्यांत २ टक्के.

आता 'कॅन्सर पसरवणारं जनुक सापडलं' छाप फॉरवर्ड फिरू लागले तर नवल नाही. गोऱ्या स्त्रियांपैकी सुमारे ७० टक्के जणींत या रूपाच्या दोन्ही प्रती असतात. याला शाप म्हणायचं तर शापितच बहुमतात! आणि स्वीडनचा आकडा साताऱ्यात जसाच्या तसा चिकटवता येत नाही.

पीसीएसके९ ला चिकटून ते अडवणाऱ्या प्रतिपिंडांची (अँटिबॉडीजची) इंजेक्शनं कोलेस्टेरॉलसाठी २०१५ पासून वापरात आहेत. त्याच जातीच्या प्रतिपिंडांनी उंदरांत स्तनाच्या कॅन्सरचा फैलाव घटला. उंदरांत, हं. तेवढ्यावरून कुणी लगेच हृदयाच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी मागायला जाऊ नये.