माइल्ड म्हणजे किती?

फॅब्रिकेशनवाला 'एमएसचा अँगल टाकू का?' असं विचारतो, तेव्हा त्या 'एमएस'मधला 'एम' म्हणजे माइल्ड, 'एस' म्हणजे स्टील. तोच शब्द बाळाच्या शाम्पूवर असतो, रक्ताच्या रिपोर्टवर असतो आणि हल्ली गाडीच्या शोरूममध्ये 'माइल्ड हायब्रिड' म्हणूनही असतो. मराठीत आपण सगळीकडे 'सौम्य' लिहून मोकळे होतो. पण माइल्ड हा पदार्थाचा स्वभाव नाही, ती एखाद्या मोजपट्टीवरची जागा आहे. पट्टी कसली, हे कळल्याशिवाय शब्दाला काही अर्थ राहत नाही.

वर्कशॉपमधली पट्टी कार्बनची. पोलाद म्हणजे लोखंडात थोडा कार्बन. माइल्ड स्टीलमध्ये तो साधारण 0.05 ते 0.25 टक्के असतो, म्हणजे किलोमागे जास्तीत जास्त अडीच ग्रॅम. कानशीत तो 1 टक्क्याच्या वर जातो. एवढ्याशा फरकाने सगळं बदलतं. लाल तापवलेलं पोलाद एकदम पाण्यात बुडवलं की कार्बनच्या अणूंना बाहेर सरकायला वेळ मिळत नाही. ते लोखंडाच्या अणूंच्या जाळीत अडकतात, जाळी ताणली जाते आणि धातू कडक पण ठिसूळ होतो. एमएसमध्ये अडकायला पुरेसा कार्बनच नसतो. म्हणून एमएसच्या पट्टीचा कोयता करून त्याला कितीही पाणी पाजलं तरी धार टिकत नाही. लोहार कोयत्यासाठी ट्रकचा जुना पाटा शोधतो तो यासाठीच; स्प्रिंगच्या त्या पोलादात 0.5 ते 0.6 टक्के कार्बन असतो.

माइल्ड म्हणजे कमकुवत, असा मात्र अर्थ नाही. भारतीय मानक 2062 मधल्या ई-250 या नेहमीच्या ग्रेडची किमान ताकद चौरस मिलिमीटरला 250 न्यूटन असते. म्हणजे 10 मिमी बाय 10 मिमीचा चौकोनी बार सुमारे अडीच टन ओढ कायमचा न ताणता सोसतो. त्यापुढे तो काचेसारखा तुटत नाही, लांबत जातो. तुटेपर्यंत त्याची लांबी निदान 23 टक्के वाढली पाहिजे, अशी मानकाची अट आहे. अतिभार आला की वाकून दाखवणारा धातू छताखाली असलेला बरा. गंजाशी मात्र या शब्दाचा काही संबंध नाही. स्टेनलेस व्हायला किमान 10.5 टक्के क्रोमियम लागतं. एमएसला रेड ऑक्साइड आणि रंग हाच इलाज.

खरी चूक वेल्डिंगला होते. एमएस कसंही वेल्ड होतं, म्हणून तोच रॉड आणि तोच करंट ठेवून तुटलेला पाटा जोडला जातो. जोड दिसतो छान, पण काही दिवसांत पाटा पुन्हा तुटतो, तोही जोडावर नाही, जोडाच्या शेजारी. वेल्डिंगलगतचा भाग लाल होतो आणि भोवतालचा थंड धातू त्याची उष्णता झटकन ओढून घेतो. पाण्यात बुडवल्यासारखाच परिणाम. एमएसला ते चालतं, जास्त कार्बनच्या पोलादात तिथे ठिसूळ पट्टा तयार होतो आणि ओल्या रॉडमधून आलेला हायड्रोजन त्याला तडा पाडतो. वेल्ड करायचंच असेल तर तुकडा आधी 250 ते 300 अंशांपर्यंत तापवणं, कोरडा केलेला लो-हायड्रोजन रॉड वापरणं आणि नंतर राखेत किंवा चुन्याच्या पुडीत हळूहळू निवू देणं, एवढं तरी हवं. गाडीखाली परत बसवायच्या पाट्याला तर हेही करू नये, नवा घ्यावा. भंगारातला तुकडा कसला आहे हे ग्राइंडरवर कळतं: एमएसच्या ठिणग्या लांब, सरळ आणि कमी फाट्यांच्या; कार्बन जास्त असेल तर त्या फुलबाजीसारख्या जवळच फुटतात.

रसायनशास्त्राने मात्र 'सौम्य'चा वेगळाच घोळ घातला आहे. शाळेच्या पुस्तकातलं सौम्य आम्ल म्हणजे पाण्यात ज्याचे थोडेच रेणू फुटून हायड्रोजन आयन देतात ते. व्हिनेगरमधलं अॅसेटिक आम्ल त्यातलं, 0.1 मोलर द्रावणात शंभरातला जेमतेम एक-सव्वा रेणू फुटतो. पाणी जास्त घातलेलं आम्ल म्हणजे विरल. या दोन्ही शब्दांची बोलण्यात सर्रास अदलाबदल होते. पोटातलं हायड्रोक्लोरिक आम्ल तीव्र आहे पण विरल आहे, म्हणून आपण सुखरूप. उलट पाणी न घातलेलं अॅसेटिक आम्ल पुस्तकाप्रमाणे सौम्य, तरी कातडी भाजतं. हायड्रोफ्लोरिक आम्लही सौम्य गटातच बसतं, आणि ते त्वचेतून आत शिरून रक्तातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. हृदय थांबण्याइतका धोका. रासायनिक बाटलीवर 'सौम्य' वाचून हातमोजे काढू नयेत.

न्हाणीघरात पीएचचा, म्हणजे आम्लता मोजण्याचा, आकडा पुढे येतो: 7 उदासीन, खाली आम्लधर्मी, वर अल्कधर्मी. त्वचेचा पीएच साधारण 5 च्या आसपास, साध्या साबणाचा 9 ते 10. साबण म्हणजे मेदाम्लाचा सोडियम क्षार. त्याचा पीएच 5.5 वर आणायला गेलं तर तो फुटून मेदाम्ल वेगळं होतं आणि फेस जातो. म्हणून '5.5' लिहिलेली वडी अस्सल साबणाची नसते, ती कृत्रिम डिटर्जंटची असते. यात वाईट काही नाही. पण नुसत्या पीएचवरून सौम्यपणा ठरत नाही. सोडियम लॉरिल सल्फेट हे फेस करणारं रसायन पीएच 5.5 ला आणलं तरी कातडी कोरडी करतं, कारण त्याचे छोटे रेणू त्वचेच्या वरच्या थरात घुसतात. लॉरेथ सल्फेटचा रेणू मोठा, तो कमी घुसतो. त्यात कोकामिडोप्रोपिल बेटेन हे दुसरं फेसाचं रसायन मिसळलं की पाण्यात मोठे पुंजके बनतात आणि सुटे रेणू कमी उरतात. बाळांच्या शाम्पूचं गुपित मुख्यतः एवढंच. बाटलीच्या पुढच्या 'माइल्ड'पेक्षा मागची यादी जास्त बोलते.

कपडे धुण्याच्या पावडरीतही हाच मुद्दा. साध्या पावडरीत अल्कधर्मी सोडा असतो, काहींत प्रथिनं तोडणारी विकरं. लोकर आणि रेशीम ही प्रथिनंच. सुती बनियन तावून निघतं, स्वेटर मात्र आटतो आणि रेशमाची चमक जाते. 30 अंशांच्या आतलं पाणी आणि उदासीन द्रव डिटर्जंट घ्यावं, किंवा आजीचा रिठा. त्याचं पाणी किंचित आम्लधर्मी असतं.

डॉक्टरांचं 'माइल्ड' सगळ्यात जास्त फसवतं, कारण ते रुग्णाला किती त्रास होतो याचं माप नसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या पट्टीप्रमाणे गरोदर नसलेल्या स्त्रीचं हिमोग्लोबिन 11 ते 11.9 ग्रॅम असेल तर अॅनिमिया माइल्ड, 8 ते 10.9 मध्यम, 8 च्या खाली तीव्र. इथे निदान आकडा तरी आहे. कोविडच्या काळात भारतातल्या उपचार-सूचनांत दम लागत नसेल आणि ऑक्सिजन घसरलेला नसेल तर आजार माइल्ड धरत. 93 ते 90 ला मध्यम, 90 च्या खाली तीव्र. तीन दिवस तापाने फणफणून अंग मोडून पडलेला माणूसही कागदावर माइल्डच. शिवाय हा शिक्का त्या दिवसापुरता असतो. डेंग्यूमध्ये तर ताप उतरू लागतो तेव्हाच धोक्याचे दिवस सुरू होऊ शकतात. पोटात सतत दुखणं, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त दिसलं की कालच्या 'माइल्ड'कडे बघत बसायचं नाही.

आणि सिगारेट. 'माइल्ड' सिगारेटच्या फिल्टरभोवती बारीक छिद्रं असतात. तपासणीचं यंत्र दर मिनिटाला 2 सेकंदांचा, 35 मिलिलिटरचा झुरका घेतं. छिद्रांतून हवा मिसळते आणि टारचा आकडा कमी येतो. माणसाची बोटं आणि ओठ तीच छिद्रं झाकतात, शिवाय निकोटिन कमी पडलं की तो झुरका खोल ओढतो. पट्टी यंत्राची होती, फुप्फुसाची नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण कराराच्या 11 व्या कलमात दिशाभूल करणाऱ्या शब्दांची उदाहरणं दिली आहेत, त्यांत 'माइल्ड' हा शब्द आहे. अमेरिकेत 22 जून 2010 पासून सिगारेटच्या पाकिटावर तो छापता येत नाही.