पार्श्वभूमी : ब्रियार्ड कुत्री आणि माणसाचं दृष्टिपटल

जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने १८५१ मध्ये डोळ्याच्या आत डोकावण्याचं उपकरण बनवलं आणि त्याच दशकात ‘रेटिनायटिस पिगमेंटोजा’ (आरपी) हे नाव आलं. डोळ्याच्या मागच्या पडद्यातल्या, म्हणजे दृष्टिपटलातल्या, प्रकाश टिपणाऱ्या पेशी हळूहळू मरत जाण्याचा हा आनुवंशिक आजार. नावातल्या ‘आयटिस’चा अर्थ ‘दाह’, पण आजारात तो नाही. तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. कुत्र्यांची नोंद बरीच उशिरा झाली. १९११ मध्ये स्वीडनच्या मॅग्नुसनने गॉर्डन सेटर जातीत हाच प्रकार दाखवला आणि लेखाच्या मथळ्यातच जवळच्या नात्यातल्या पैदाशीकडे बोट दाखवलं. आपल्याकडेही आरपीचा रुग्ण आला की डॉक्टर ‘आईवडील नात्यातले का?’ असं विचारतात. याच्या अनेक प्रकारांत सदोष जनुक आई आणि वडील दोघांकडून आलं की आजार उमटतो, मग तो मामाच्या मुलीशी झालेल्या लग्नातून येवो की ‘शुद्ध जाती’च्या हौसेतून.

बहुतेकदा अंधूक उजेडात पाहणाऱ्या शलाकापेशी आधी मरतात, म्हणून पहिली तक्रार रातांधळेपणाची. माणूस ती सांगतो. कुत्रा मात्र घरातली प्रत्येक वस्तू पाठ करून ठेवतो आणि एक दिवस सोफा सरकवला की त्यावर आपटतो. अशा कुत्र्याच्या डोळ्यावर टॉर्च मारला तर तो जास्तच चमकतो, कारण मागच्या परावर्तक थरावरचं दृष्टिपटल पातळ झालेलं असतं. माणसाच्या डोळ्यात हा थरच नसतो.

१९९३ मध्ये आयरिश सेटरमधला दोष पीडीई६बी या जनुकात सापडला. माणसातही आरपीच्या काही रुग्णांत हेच जनुक बिघडलेलं निघालं. २००६ मध्ये तर पीआरसीडी जनुकातला अगदी तोच बदल अनेक जातींच्या कुत्र्यांत आणि एका मानवी रुग्णात मिळाला.

पण खरी कलाटणी दिली ती ब्रियार्ड या फ्रेंच मेंढपाळी जातीने. या कुत्र्यांत आरपीई६५ जनुकातली डीएनएची चार अक्षरं गळालेली होती. हेच जनुक बिघडलं तर मुलं लेबरच्या जन्मजात अंधत्वाने ग्रासतात. २००१ मध्ये निरुपद्रवी विषाणूवरून चांगलं जनुक दृष्टिपटलाखाली टोचल्यावर अशा कुत्र्यांना दिसू लागलं. त्यातला लान्सलॉट नावाचा कुत्रा तर पुढे अमेरिकन संसदेपर्यंत पोचला! २००८ मध्ये माणसांवरच्या पहिल्या चाचण्यांचे निष्कर्ष आले आणि डिसेंबर २०१७ मध्ये याच जनुकोपचाराच्या औषधाला, लक्सटर्नाला, अमेरिकेत मंजुरी मिळाली. तेव्हा जाहीर झालेली किंमत, दोन्ही डोळ्यांसाठी ८,५०,००० डॉलर.

उपचाराने पेशींचं मरणंही थांबेल, हा कुत्र्यांवरून बांधलेला अंदाज मात्र फसला. २०१३ मध्ये दिसून आलं की उपचारानंतर रुग्णांची नजर सुधारली, तरी पेशींचं मरणं थांबलं नव्हतं. ब्रियार्डना सुई टोचली तेव्हा त्यांच्या बहुतेक पेशी शाबूत होत्या; माणसांत झीज आधीच सुरू झालेली होती. मग उशिरा उपचार केलेली कुत्री तपासली, तर त्यांच्यातही झीज चालूच होती.