पार्श्वभूमी : लिव्हर-पॅन्क्रियासच्या सर्जरीतली 'फेलोशिप' म्हणजे नेमकं काय?

स्वादुपिंडाच्या (पॅन्क्रियासच्या) डोक्यातली गाठ काढायची 'व्हिपल' शस्त्रक्रिया १९३५ साली अमेरिकेत जगापुढे आली. यकृताचे आठ भाग १९५०च्या दशकात फ्रान्समध्ये मांडले गेले. तरी १९७०च्या आसपासही व्हिपलनंतर साधारण चारातला एक रुग्ण दगावायचा. आज मोठ्या केंद्रांत हे प्रमाण शंभरात पाचाच्या खाली आहे. त्याच टीमने तेच काम सतत करत राहणं, हे त्याचं एक मोठं कारण. वेगळ्या प्रशिक्षणाची गरज तिथूनच पटली.

आपल्याकडे वळण आलं ते १९९४च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याने. १९९८ मध्ये यकृत प्रत्यारोपण यशस्वी झालं आणि पुढे मोठ्या शहरांतल्या खासगी रुग्णालयांना प्रशिक्षित हात हवेसे झाले. त्यामुळे अनेक फेलोशिप प्रत्यारोपणाभोवतीच वाढल्या.

खरा गोंधळ शब्दाचा. जनरल सर्जरीतल्या एम.एस.नंतरची तीन वर्षांची एम.सीएच. किंवा डीआरएनबी ही अतिविशेष (सुपरस्पेशालिटी) पदवी. २०१७पासून त्यासाठी नीट-एसएस ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा आहे. फेलोशिप म्हणजे सहसा त्यानंतरचं, वर्ष-दोन वर्षांचं प्रशिक्षण. काहींना राष्ट्रीय मान्यता असते, काहींवर फक्त रुग्णालयाची सही. महिनाभर थिएटरात उभं राहून पाहिलं, तरी तीही 'फेलोशिप'च. दवाखान्याच्या पाटीवर सगळं एकाच मापाच्या अक्षरांत. प्रमाणपत्रावर लॉगबुकातले आकडे छापणं सक्तीचं हवं : स्वतः किती केल्या, मदतीला किती उभे राहिलात.

मराठवाड्यात हा प्रश्न कागदाचा नाही. घाटी, म्हणजे औरंगाबादचं (आता छत्रपती संभाजीनगर) सरकारी वैद्यकीय महाविद्यालय, १९५६पासून आहे, नंतर अंबाजोगाई, नांदेड, लातूरलाही महाविद्यालयं झाली. जनरल सर्जन इथे घडतात. पण डोळे पिवळे, अंगाला खाज, संडास पांढुरकी झालेला माणूस आधी कावीळ उतरवणाऱ्याकडे जातो. महिना-दीड महिन्याने सोनोग्राफीत, गाठीने पित्ताची वाट अडून, पित्तनलिका फुगलेली दिसते. मग नांदेडहून हैदराबाद, लातूरहून सोलापूर नाहीतर पुणे. अशा रुग्णाला प्रत्यारोपण नको असतं. त्याला व्हिपल लागते, किंवा निदान पित्ताला वाट करून देणं. इथला मुलगा महानगरात प्रत्यारोपण शिकून परत येतो, तेव्हा व्हिपलनंतर रात्री दोन वाजता रक्तस्राव झाला तर ती धमनी कॅथेटरने बंद करणारा रेडिओलॉजिस्ट त्याच्या जिल्ह्यात बहुधा नसतो.