फ्री रॅडिकल पकडले म्हणजे मेंदू वाचला?

‘फ्री रॅडिकल मेंदू पोखरतात, अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घ्या, मेंदू शाबूत राहील’ हा समज वर्षानुवर्षे फिरतो आहे. फ्री रॅडिकल म्हणजे जोडीदाराविना इलेक्ट्रॉन असलेले, म्हणून आसपासच्या रेणूंवर तुटून पडणारे रेणू; ऑक्सिजन वापरताना ते पेशींत तयार होतात. त्यांना निष्प्रभ करतात ती अँटिऑक्सिडंट. पूर्वार्धात तथ्य आहे. मेंदू वजनाने शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण ऑक्सिजन खातो सुमारे २० टक्के. त्यात पेशींच्या आवरणांतली मेदाम्लं चटकन ऑक्सिडाइझ होणारी, म्हणजे ऑक्सिजनशी अभिक्रिया होऊन बिघडणारी. घोडं अडतं ते उत्तरार्धात.

नायट्रोन गटातली संयुगं फ्री रॅडिकलला खरोखरच पकडतात. त्यांतलं एनएक्सवाय-०५९ उंदरांमध्ये पक्षाघातानंतरची हानी कमी करत होतं. २००६ साली माणसांवरच्या मोठ्या चाचणीत थोडा फायदा दिसला आणि आशा उंचावल्या. पुढच्याच वर्षी, ३,३०६ रुग्णांच्या दुसऱ्या चाचणीत, तो दिसेनासा झाला. हे औषध रक्तातून मेंदूत फारसं शिरतच नव्हतं, हे एक संभाव्य कारण. पार्किन्सनमध्ये ई जीवनसत्त्वाचे मोठे डोसही आजाराची वाटचाल मंदावू शकले नाहीत.

आणि सगळेच रॅडिकल शत्रू कुठे असतात? नायट्रिक ऑक्साइड हाही रॅडिकलच. मेंदूतल्या रक्तवाहिन्या सैल करायला तोच लागतो.

अपवाद एडाराव्होन या फ्री रॅडिकल पकडणाऱ्या औषधाचा. जपानमध्ये ते २००१पासून पक्षाघातासाठी वापरतात. पण शिरेतून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. डबीतल्या ‘ब्रेन टॉनिक’शी त्याचा काही संबंध नाही.