तारेच्या आडोशाला: ब्रेसेस आणि दातांच्या स्वच्छतेची पार्श्वभूमी

दीड-दोन वर्षं ज्या दिवसाची वाट पाहिली तो दिवस उजाडतो. दातांवर चिकटवलेले, तार धरून ठेवणारे छोटे चौकोनी तुकडे, म्हणजे ब्रॅकेट, निघतात, दातांवर उरलेलं चिकट द्रव्य घासून काढलं जातं आणि आरसा हातात येतो. दात ओळीत आलेले असतात, पण काही जणांना वरच्या पटाशीच्या दातांवर खडूसारखे पांढरट डाग दिसतात. डाग जवळून पाहिला तर त्याला आकार असतो. मधोमध ब्रॅकेटएवढा चौकोन, तिथलं इनॅमल, म्हणजे दाताचं बाहेरचं कठीण आवरण, चकचकीत आणि शाबूत. त्याच्याभोवती, त्यातही हिरडीच्या बाजूला, निस्तेज पांढरी कड. ब्रॅकेटच्या बुडाखालचा दात वाचला आणि कडेचा खराब झाला. असं का होतं हे समजायला दात सरळ करण्याच्या साधनांचा इतिहास पाहावा लागतो. ही साधनं जशी बदलत गेली, तशी तोंडात घाण साचण्याची जागाही बदलत गेली.

सर्वांत जुना उपाय बोटाचा. पहिल्या शतकातला रोमन लेखक सेल्सस सांगतो, की दुधाचा दात पडण्याआधीच नवा दात उगवला तर दुधाचा दात काढावा आणि नवा दात रोज बोटाने जागेकडे ढकलावा. यात तोंडात काहीच बसवायचं नव्हतं, त्यामुळे स्वच्छतेचा वेगळा प्रश्नही नव्हता. तो आला १७२८ मध्ये. त्या वर्षी पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने आपल्या ग्रंथात घोड्याच्या नालेसारखी वळवलेली धातूची पातळ पट्टी वर्णन केली. पट्टीला भोकं पाडायची, त्यांतून दोरा ओवायचा आणि वाकडे दात पट्टीकडे ओढून बांधायचे. ओला दोरा दातांना लगटून दिवसेंदिवस तोंडात राहिला, की त्याच्याभोवती काय जमत असेल याची कल्पना सहज करता येते. दातात किडा असतो आणि तोच दात पोखरतो, हा त्या काळचा सार्वत्रिक समज फोशारला मान्य नव्हता. त्याने सूक्ष्मदर्शकातून किडा शोधला आणि त्याला तो सापडला नाही. पण मग दात का किडतो याचं नेमकं उत्तर मिळायला आणखी दीडशेहून अधिक वर्षं जावी लागली.

ते उत्तर विलोबी मिलर या अमेरिकी संशोधकाने १८९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दिलं. तोंडातले जंतू साखर-पिष्टाचं आम्ल करतात आणि ते आम्ल दाताचं खनिज विरघळवतं. पुढे १९४० च्या दशकात रॉबर्ट स्टेफनने हे मोजूनच दाखवलं. गोड खाल्ल्यावर दातावरच्या जंतूंच्या चिकट थरातली आम्लता काही मिनिटांतच झपाट्याने वाढते, पीएच साधारण ५.५ च्या खाली उतरतो आणि पूर्ववत व्हायला अर्धा ते एक तास लागतो. याचाच अर्थ, एका बैठकीत खाल्लेल्या गोडापेक्षा दिवसभर थोडं थोडं तोंडात टाकलेलं गोड अधिक घातक. ब्रेसेस असलेल्यांना ‘मधल्या वेळेत गोड, चिकट खाऊ नका’ असं सांगतात, त्यामागे हीच मोजणी आहे. तार तुटेल ही भीती त्यानंतरची.

मिलरचं म्हणणं पसरत होतं त्याच सुमारास एडवर्ड अँगल अमेरिकेत दंतरचनेचं स्वतंत्र शास्त्र उभं करत होता. १८९९ मध्ये त्याने वाकड्या जबड्या-दातांची वर्गवारी मांडली, ती आजही शिकवली जाते. १९२० च्या दशकात त्याने आयताकृती खाचेचा ब्रॅकेट आणला. आजच्या बहुतेक ब्रॅकेटांचं मूळ तिथेच आहे. मात्र तेव्हा ब्रॅकेट दाताला चिकटवता येत नव्हता. प्रत्येक दाताभोवती धातूचं कडं, म्हणजे बँड, घट्ट बसवायचं आणि ब्रॅकेट त्या कड्याला जोडायचा. कडं दाताला सिमेंटने धरून ठेवलेलं असे.

या बँडांच्या काळाबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण स्वच्छतेच्या दृष्टीने तो फार कठीण होता. कडं दोन दातांच्या फटीतून जायचं, त्यामुळे आधी दातांमध्ये जागा करावी लागे. त्याची कड हिरडीला लागून असे, कधी किंचित हिरडीखालीही. झिंक फॉस्फेटचं सिमेंट लाळेत हळूहळू विरघळतं. सिमेंट झिजलं, की कडं आणि दात यांच्यात केसाएवढी फट पडते, तिच्यात लाळ आणि अन्नरस शिरतो आणि कुठलाही ब्रश तिथे पोचत नाही. कडं मात्र बाहेरून जागच्या जागी दिसत राहतं. ते काढल्यावर आत मऊ झालेलं, पांढरं पडलेलं इनॅमल सापडे. रुग्णाने दिवसातून चार वेळा दात घासले असते तरी ते टळलं नसतं. पुढे १९७० च्या दशकात ग्लास आयोनोमर सिमेंट आलं. ते दाताला स्वतःहून चिकटतं आणि थोडं थोडं फ्लोराइड सोडत राहतं. दाढांच्या बँडसाठी ते आजही वापरतात.

या कोंडीतून वाट निघाली ती रंगकामाच्या एका युक्तीने. धातूवर रंग नीट धरावा म्हणून उद्योगांमध्ये फॉस्फोरिक आम्लाने पृष्ठभाग खरवडून घेत. मायकल ब्युनोकोरने १९५५ मध्ये तोच प्रयोग दातावर केला. ८५ टक्के फॉस्फोरिक आम्ल ३० सेकंद लावलं, धुतलं, आणि खडबडीत झालेल्या इनॅमलवर अ‍ॅक्रिलिक हे प्लास्टिक घट्ट धरलं. १९६५ मध्ये जॉर्ज न्यूमनने याच मार्गाने ब्रॅकेट थेट दाताला चिकटवून दाखवले. १९७० च्या दशकात ही पद्धत रुळली आणि समोरच्या दातांवरची कडी गेली. दातांमधल्या फटी मोकळ्या झाल्या, हिरडीची कड उघडी झाली. मला विचाराल तर ब्रेसेसच्या स्वच्छतेच्या इतिहासातला सर्वांत मोठा टप्पा हाच, कारण दात घासण्याचं फळ रुग्णाच्या हाती आलं ते इथे.

पण धोका संपला नव्हता, त्याने फक्त जागा बदलली. गोरेलिक, गायगर आणि ग्विनेट या तिघांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत उपचार झालेल्या जवळजवळ निम्म्या रुग्णांच्या किमान एका दातावर पांढरे डाग आढळले. सर्वाधिक त्रास वरच्या पटाशीच्या बाजूच्या दातांना होता. या दातांवर ब्रॅकेट आणि हिरडी यांच्यातली पट्टी अरुंद असते आणि तिथे लाळ कमी खेळते. याउलट, खालच्या समोरच्या दातांच्या आतल्या बाजूला दात जागेवर ठेवणारी पक्की तार बराच काळ असूनही तिथे डाग नव्हते. त्या भागाला लाळ सतत धूत असते. लाळ आम्ल पातळ करते आणि खनिजं परत देते, हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि एकाच तोंडातल्या दोन तारांचा असा वेगळा परिणाम पाहणं वेगळं.

मग हे किती दिवसांत घडतं? नॉर्वेतल्या ओगार्ड आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये त्याचं उत्तर दिलं. पुढे काढायच्याच असलेल्या उपदाढांवर त्यांनी मुद्दाम घाण साचेल असे बँड बसवले. चार आठवड्यांत डोळ्यांना दिसतील असे पांढरे डाग उमटले. दोन भेटींमध्ये सहसा चार ते आठ आठवडे जातात. म्हणजे डॉक्टरांनी मागच्या वेळी तपासलं तेव्हा निरोगी असलेला दात पुढच्या भेटीपर्यंत डागाळलेला असू शकतो. ही गोष्ट ब्रेसेस बसवण्याआधीच प्रत्येक घरात सांगितली जायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

हिरड्यांची कहाणी याला समांतर चालते. १९६५ मध्ये हॅराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी डेन्मार्कमध्ये १२ निरोगी माणसांना दात घासणं थांबवायला सांगितलं. दहा ते एकवीस दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या. घासणं पुन्हा सुरू केल्यावर साधारण आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. दातांवरचा थर हेच हिरडीच्या सुजेचं कारण, हे यातून पक्कं झालं. ब्रेसेसमध्ये हिरडी फुगते आणि फुगलेली हिरडी ब्रॅकेटच्या आणखी जवळ येते, मग ब्रशला जागा उरत नाही, थर वाढतो आणि हिरडी आणखी फुगते. रक्त येतं म्हणून अनेक जण तिथे घासणं टाळतात. खरं तर तिथेच हळुवार पण नेमकं घासायचं असतं.

घासण्याची साधनं दुसऱ्या वाटेने घडत आली. जनावरांच्या केसांच्या ब्रशाची जागा १९३८ मध्ये नायलॉनने घेतली. न्यू ऑर्लीन्सचे वैद्यक-प्राध्यापक चार्ल्स बास यांनी १९४८ मध्ये केस किती बारीक असावेत हेही सांगितलं, इंचाच्या हजाराव्या भागाच्या सातपट जाडीचे आणि टोकं गोलाई दिलेली. ब्रश हिरडीच्या कडेला ४५ अंशांत तिरका धरायचा आणि जागच्या जागी थरथरवायचा, ही त्यांची रीत. चार्टर्स या दंतवैद्याची रीत उलटी, तीत केसांची टोकं दाताच्या चावायच्या कडेकडे वळवलेली असतात. ब्रेसेसमध्ये दोन्ही लागतात. आधी हिरडीच्या रेषेवर तिरकस, मग ब्रॅकेटच्या एका कडेवर वरून खाली, मग दुसऱ्या कडेवर खालून वर. ब्रॅकेटवर ब्रश आडवा सपाट फिरवला, की धातू चमकतो आणि दोन्ही कडा तशाच राहतात. तारेमागच्या जागेत केस शिरतच नाहीत, तिथे बाटली धुण्याच्या कुंच्यासारखा दिसणारा इंटरडेंटल ब्रश घालावा लागतो.

फ्लॉसचं मूळही न्यू ऑर्लीन्समध्येच. लेव्ही स्पिअर पार्मली या दंतवैद्याने १८१९ च्या पुस्तकात मेण लावलेला रेशमी धागा दातांमधून फिरवायला सांगितला होता. तार आडवी असली, की हा धागा वरून जात नाही, सुईत ओवावा तसा तारेखालून ओवावा लागतो. त्यासाठी प्लास्टिकचा थ्रेडर आणि एका टोकाला ताठ केलेला फ्लॉस निघाला. वेळ लागतो, सुरुवातीला चिडचिड होते, हात बसल्यावर सोपं जातं. १९५४ मध्ये फिलिप-गी वूग यांनी स्वित्झर्लंडमध्ये केलेला इलेक्ट्रिक ब्रशही सुरुवातीला हातांची हालचाल नीट न होणाऱ्यांसाठी आणि ब्रेसेस असलेल्यांसाठीच सुचवला जात असे. पाण्याची धार मारणारं यंत्र १९६० च्या दशकात आलं. अडकलेले कण ते छान काढतं, पण चिकट थरासाठी ब्रश लागतोच.

टूथपेस्टमधल्या फ्लोराइडने इनॅमलला आम्लापुढे बळ दिलं. धोका जास्त असेल तर डॉक्टर फ्लोराइडचा माऊथवॉश किंवा दातांवर लावायचं व्हार्निश सुचवतात. क्लोरहेक्सिडीन जंतू दाबतं, पण त्याने दात तपकिरी होतात, म्हणून ते थोड्याच दिवसांसाठी देतात. काढता येणारे पारदर्शक अलाइनर, म्हणजे दातांवर चढवायचे प्लास्टिकचे साचे, १९९९ पासून बाजारात आहेत. घासताना ते बाजूला ठेवता येतात ही मोठी सोय. मात्र अलाइनर घालूनच गोड पेय प्यायलं, तर ते पेय दात आणि प्लास्टिक यांच्यामध्ये कोंडतं आणि लाळ तिथे पोचत नाही. बँडांच्या काळी सिमेंट झिजलेल्या कड्याखाली हेच घडत होतं.

ब्रेसेस निघाल्यावरही खालच्या समोरच्या दातांमागे अनेकदा बारीक तार चिकटवून ठेवतात, दात पुन्हा फिरू नयेत म्हणून. १९८२ च्या पाहणीत पांढऱ्या डागांपासून वाचलेली जागा ती हीच. पण जी लाळ तिथे दाताला खनिजं पुरवते, तिच्याच खनिजांनी न काढलेला थर टणक किटण बनतो, आणि तोंडातलं सर्वांत जाड किटण बहुधा तिथेच सापडतं. त्या तारेखालून धागा ओवायचं काम वर्षानुवर्षं चालू राहतं.